काटा चढतोय

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पांढरी गाडी माझ्याआधीच आलेली होती. सासऱ्यांनी हौसेने घेतलेली. त्यामुळे मान तिचा पहिला, माझा नंतर. तिच्यात बसायचं तर मला एक काम नेमून दिलेलं होतं, काट्यावर लक्ष ठेवण्याचं. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा. गाडी आमचे हे चालवणार, त्यांची नजर रस्त्यावर, माझी काट्यावर. उज्जैन, मांडू, महेश्वर, सगळीकडे या गाडीतून जाऊन आले, पण वाटेत काय दिसलं ते मला विचारू नका. काटा कुठे होता ते विचारा.

बरं, काट्यालाही एका जागी राहणं माहीत नव्हतं. मोकळ्या रस्त्याला लागलं की तळाशी जाऊन पडायचा, आणि इंदूरला कृष्णपुऱ्याच्या गर्दीत अडकलो की सरसर वर. मग मी म्हणायचे, "अहो, काटा चढतोय," आणि हे असतील तिथे गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडायचे. मागच्या रिक्षावाल्यांनी आमच्या सात पिढ्यांचा केलेला उद्धार मी काच वर करून ऐकलेला आहे.

हे सगळं एका लहानशा वस्तूच्या नसण्यामुळे होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरची एक झडप. इंजिन गार असेपर्यंत ती बंद राहते, तापलं की आपली आपण उघडते आणि गरम पाणी रेडिएटरकडे सोडते. छत्रीबागेतल्या आमच्या मेकॅनिकने ती कधीकाळी काढून टाकली होती. "बाबूजी, ये तो ठंडे मुल्क की चीज है. अपने इंदौर में इसका क्या काम?" हे स्वतः सरकारी इंजिनिअर, पण त्यांनाही पटलं. माळव्यात कितीतरी जुन्या गाड्या अशाच चालतात.

दोन वर्षांपूर्वी यांच्या हृदयात स्टेंट बसवला. दवाखान्यातून घरी आले ते अगदी गप्प होऊन. पेपर हातात, पण पान उलटत नाही. मी दोन प्रश्न विचारावेत तेव्हा एक हुंकार मिळायचा. हा माणूस नुसता वाचला, परत आलाच नाही, असं मला वाटायला लागलं होतं. मग एक दिवस मोबाइलवर काहीतरी वाचता वाचता म्हणाले, "अगं, आपण गाढव आहोत. झडप नसली की अर्धं गरम पाणी रेडिएटरकडे जातच नाही, मधल्या नळीने परत इंजिनात येतं. म्हणून गर्दीत तापते आणि हायवेवर थंड पडते." मी म्हटलं, गाढव तुम्ही आणि तुमचा मेकॅनिक, मी फक्त काटा बघत होते.

कुरियरने तीन थर्मोस्टॅट आले. एक चौऱ्याहत्तर अंशांना उघडणारा, एक ब्याऐंशी, एक अठ्ठ्याऐंशी. छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवणाऱ्यातले हे नव्हेत. त्यांनी माझं दुधाचं पातेलं गॅसवर चढवलं, त्यात पाणी, पाण्यात थर्मामीटर, आणि सुतळीला बांधून एकेक थर्मोस्टॅट सोडायला लागले. दुधाचं पातेलं! मी जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. पण पाण्याच्या तळाशी मोहरीएवढे बुडबुडे धरायला लागले तशी मीही पदर खोचून शेजारी उभी राहिले.

चौऱ्याहत्तरचा लवकर उघडला. "हा थंडीत इंजिन अर्धं कच्चंच ठेवेल, पेट्रोल पिईल नुसतं," म्हणाले. अठ्ठ्याऐंशीचा अगदी उशिरा. "मे महिन्यात गर्दीत अडकलो तर याच्याजवळ सांभाळून घ्यायला जागाच नाही." मग ब्याऐंशीचा सोडला. थर्मामीटरचा आकडा जवळ आला तसे हे पातेल्यावर वाकले. "बघ, बघ, उघडतोय." खरंच झडपेची ती पितळी टिकली किंचित उचलली गेली होती, दार किलकिलं करून कोण आलंय ते बघावं तशी. पण माझं लक्ष तिच्यावर नव्हतं, यांच्या आवाजावर होतं. कित्येक आठवड्यांनी तो त्यांचा स्वतःचा आवाज होता. मला रडू आलं. वाफेचं निमित्त पुरलं.

ब्याऐंशीचा बसला. काट्याचं जुनं मीटरही भरवशाचं राहिलं नव्हतं म्हणून नवं आणलं, आणि ते यांनी डावीकडे, माझ्या सीटसमोर बसवायला सांगितलं. मेकॅनिक म्हणाला, ड्रायव्हर के सामने लगाओ ना, बाबूजी. हे म्हणाले, "देखने का काम इनका है."

गाडी चालवायला डॉक्टरांची परवानगी होती, पण वाटेत थांबत जा, दमेपर्यंत चालवू नका, असं बजावून दिलेली. पुण्याच्या लेकीची तेवढीही नव्हती. "आई, बाबांना गाडीत एकदा जरी त्रास झाला ना, तर मी येऊन ती गाडी विकणार." विकलीही असती. हट्ट माझ्यावर गेलाय. आणि गाडी गेली असती तर सांवेर गेलं असतं. तिथे माझ्या वन्सं असतात, यांची थोरली बहीण. भावंडांत आता ही दोघंच उरलीत. वन्संना फोनवर ऐकू येत नाही, त्यांना भाऊ समोर बसलेला लागतो. दर महिन्याला हे जातात, दारात गाडी उभी करतात, आणि वन्सं आधी गाडीवरून हात फिरवतात, मग भावाच्या पाठीवरून. बसने गेले असते तर हे तिथे आजारी माणूस म्हणून पोचले असते. यांनी गाडी चालवण्याची मला भीती वाटत होती, आणि न चालवण्याची त्याहून जास्त.

पण वाटेत थांबतील तर शपथ. "सांवेर काय लांब आहे? थांबायला काय तीर्थयात्रा आहे का?" चालवताना यांची बडबड चालू असते, कोणाचं सोयाबीन कसं आलंय, कुठल्या ट्रॅक्टरवाल्याला अक्कल नाही. पहिल्याच उन्हाळ्यात उज्जैन रोडला ती बडबड अचानक बंद पडली. बघितलं तर वरच्या ओठावर घाम, मान ताठ. "दमलात, थांबा," म्हटलं असतं तर यांनी ॲक्सिलरेटर दाबला असता, इतका संसार मी केलाय. तोंडातून आपोआप निघालं, "अहो, काटा चढतोय."

गाडी ताबडतोब कडुनिंबाखाली उभी राहिली. बॉनेट उघडलं, हे शेजारच्या पुलाच्या कठड्यावर बसले, पाणी प्यायले, वारा लागला. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला. "किती झाला होता?" "पंच्याण्णव." "रेडिएटरमध्ये कचरा असेल," म्हणाले. मी म्हटलं, असेल.

मग ती रीतच पडली. ब्याऐंशीचा थर्मोस्टॅट इतका इमानी की काटा एका जागी खिळलेला; त्याच्याकडे काय बघायचं? मी यांच्याकडे बघायला लागले. बडबड थांबली, ओठावर घाम आला, की काटा चढला. कधी पंच्याण्णव, कधी अठ्ठ्याण्णव. इंजिनासाठी हा माणूस दर खेपेला थांबला. स्वतःसाठी एकदाही थांबला नसता.

दिवाळीआधी गाडी सर्व्हिसिंगला नेली. मेकॅनिक डॅशबोर्डखाली डोकं घालून म्हणाला, "आंटीजी, मीटर की वायर तो निकली पड़ी है. धूल जमी है, महीनों से बंद होगा ये."

मी मीटरकडे बघितलं. काटा तळाशी निपचित पडलेला. मागच्याच खेपेला मी पंच्याण्णव सांगितलं होतं. यांच्याकडे बघायचा धीर होईना, बघितलं तर हे रुमालाने चष्मा पुसत होते.

"जोड़ दूं, बाबूजी?"

"रहने दो भिया. हमारा काम चल रहा है."

घराकडे येताना मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"गाडी रोज मी पुसतो. पावसाळ्यातच निघाली वायर."

"मग बोलला का नाहीत? आणि खरंच इंजिन तापलं असतं तर?"

"इंजिनाचं पाणी मी निघण्याआधी बघून घेतो." त्यांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "वायर जोडली असती, तर काटा खरं बोलला असता. मग तू मला कशाने थांबवलं असतंस?"

काच खाली करून मी बाहेर बघत बसले.

परवा पुन्हा सांवेरला निघालो. अर्ध्या वाटेत सोयाबीनचा विषय चालता चालता थांबला. मी मीटरकडे न बघताच म्हटलं, "अहो, काटा चढतोय."

"किती?"

"पंच्याण्णव."

"मग थांबायलाच हवं," म्हणाले आणि गाडी कडुनिंबाखाली घेतली. मी चहाचा थर्मास काढला. बॉनेट आता ते उघडत नाहीत.