सोवळ्यातला फोन

कळमनुरीत सूर्यकांतरावांच्या गल्लीत पहिला फोन आला तो त्यांच्याच घरी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तहसीलमधल्या या कारकुनाला तेवढ्यानं आभाळ ठेंगणं झालं. सगळ्या गल्लीनं आपापल्या पाहुण्यांना त्यांचाच नंबर देऊन ठेवला. कुणाचा फोन आला की सूर्यकांतराव ओसरीतून हाक मारत, आणि माणूस बोलत असेपर्यंत शेजारी खुर्ची टाकून सगळं ऐकत. लोकांच्या घरातलं त्यांना लोकांच्या आधी कळे.

पुढं एका फोननं त्यांचं भागेना. ओसरीतल्या फोनला जोडून माजघरात एक, माडीवर एक असे फोन त्यांनी स्वतःच तारा ओढून बसवले. चौथा देवघरात. काहून, तर पूजेतून उठावं लागू नये. त्यांच्या बायकोनं, कालिंदीबाईंनी, तेव्हाच विचारलं होतं, की देवाला कुणाचा फोन येणार आहे. सूर्यकांतरावांनी फोनवर गोमूत्र शिंपडलं, तो सोवळ्यात गेला, आणि पारोशा माणसानं त्याला शिवायचं नाही असा नियम निघाला. मग रोज सकाळी एका हातात घंटी, दुसऱ्या हातात रिसीव्हर. पिंडीवर पाणी पडे आणि तोंडानं तहसीलमधल्या बदल्यांची चर्चा चाले. कालिंदीबाई दाराशी फुलं निवडत देवाची क्षमा मागत. नवऱ्याच्या वतीनं क्षमा मागायची त्यांना सवयच लागली होती.

वर्षं गेली. ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आला. गल्लीला सूर्यकांतरावांच्या हाकेची गरज उरली नाही, घरातले चारही फोन वाजेनासे झाले. हे त्यांना सोसवेना. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्याच तारेवर ब्रॉडबँड घेतलं. कशासाठी, हे त्यांना सांगता आलं नसतं. गल्लीत पहिलं होतं, एवढं पुरेसं होतं. मोडेम माडीवर ठेवला, त्यावर क्रोशाचा रुमाल घातला, आणि आल्यागेल्याला रुमाल उचलून आतले हिरवे दिवे ते दाखवू लागले.

त्या वर्षी रेवती, त्यांची लेक, बाळंतपणाला माहेरी आली. पुण्यात तिचं काम असं, की डॉक्टरांनी बोलून ठेवलेलं ऐकायचं, टाइप करायचं आणि इंटरनेटवरून पाठवायचं. बाळ जरा मोठं झाल्यावर घरूनच काम करायची परवानगी तिनं मिळवली होती. पण पाठवणं निम्म्यावर आलं की मोडेमचा दिवा लुकलुके आणि लाइन तुटे. पुन्हा पहिल्यापासून. काम देणाऱ्या पुण्याच्या बाईंनी शेवटी सांगितलं, की असंच चाललं तर काम दुसरीला द्यावं लागेल. ही नोकरी रेवतीनं लग्नाच्या बोलणीत अट घालून राखली होती, आणि सासरचे ती सुटायची वाटच बघत होते. हे कालिंदीबाईंना ठाऊक होतं. वडिलांनाही ठाऊक होतं. पण त्यांचं लक्ष दिव्यांकडे.

त्यांनी आधी माकडांना दोष दिला, मग ढगांना. मग मोडेम चुकीच्या दिशेला आहे असं त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्याचं तोंड पूर्वेला झालं. रुमाल तसाच.

लाइनमन किसनसिंग आला. त्यानं खांबापासून तपासत आणलं आणि म्हणाला, "काका, दारापावेतो लाइन बराबर हाये. तकलीफ तुमच्या घरातच हाये, ह्या जोडतारांत." तार घरात शिरते तिथंच स्प्लिटरची डबी लावायची, तिच्यातून एक तार फोनला, एक मोडेमला, आणि बाकीचे फोन काढून टाकायचे, असं त्यानं समजावलं. मोडेम ओसरीत आणून पूर्वाभिमुख ठेवायचं ठरल्यावर सूर्यकांतराव कसेबसे तयार झाले. मोडेम तापतो म्हणून रुमालही गेला. माडीवरचा आणि माजघरातला फोन निघाला. देवघराच्या उंबऱ्याशी मात्र ते आडवे उभे राहिले.

"हा निघणार नाही. सोवळ्यातला आहे. आणि लोक काय म्हणतील?"

"देव तर काही म्हणणार नाही," कालिंदीबाई म्हणाल्या.

त्यांच्याकडं कुणी वळूनही पाहिलं नाही. किसनसिंग पक्कड पिशवीत घालून निघून गेला.

लाइन आता दुपारी टिकू लागली. सकाळी मात्र हमखास तुटे. रेवती ओसरीतून "गेली" म्हणे, तेव्हा देवघरात अभिषेक चाललेला असे. चार दिवस कालिंदीबाईंनी हे नीट बघितलं. मग सोवळ्यात देवघर पुसताना त्यांनी फोनखालचा पाट उचलला. दोन तारा नुसत्या पीळ देऊन जोडलेल्या, आणि त्यावर चिकटपट्टीच्या जागी नाडापुडीतला लाल धागा गुंडाळलेला. रोजचं अभिषेकाचं पाणी पिऊन धागा ओलाकिच्च, तांब्याला हिरवा रंग चढलेला. एवढी वर्षं तिथं पूजा चालली होती ती या गाठीची.

सूर्यकांतराव कुणाच्या तरी सोयरिकीत शहाणपण शिकवायला हिंगोलीला गेले, त्या दिवशी कालिंदीबाईंनी डोक्यावरून आंघोळ केली, देवाला हात जोडले, आणि अडकित्त्यानं तार जोडाच्या अलीकडून कापली. उघडी टोकं पट्टीनं वेगवेगळी गुंडाळली. पाट जसाच्या तसा ठेवला. फोनही तसाच, पुसून.

दुसऱ्या सकाळी अभिषेक चालू होता, घंटी वाजत होती, आणि रेवतीची फाइल एका दमात पुण्याला पोचली. तिनं आईकडं पाहिलं. कालिंदीबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं आणि विषय दुधाकडं वळवला. त्या आठवड्यात पुण्याच्या बाईंनी काम रेवतीकडंच ठेवल्याचं कळवलं.

सूर्यकांतरावांना काहीच कळलं नाही. देवघरातला फोन मुका झालाय हे कळायला आधी कुणी तरी फोन करावा लागतो. ते गल्लीभर सांगत फिरले, की मोडेम पूर्वेला फिरवला आणि लाइन सुधारली. ज्याला त्याला तो सल्ला देऊ लागले. घरातली पूजा मात्र आता रेवतीच्या 'गेली'शिवाय पार पडू लागली.

दसऱ्याला सूर्यकांतरावांनी मोडेम पाटावर मांडून त्याला झेंडूची माळ घातली, हळदीकुंकू वाहिलं आणि जोरात मंत्र म्हटले. कालिंदीबाईंनी पाटाच्या कडेला अडकित्ता ठेवला. "ह्याला कशाला?" सूर्यकांतराव म्हणाले. कालिंदीबाईंनी अडकित्त्याला कुंकू लावलं, वर आपट्याचं पान ठेवलं, आणि मनापासून नमस्कार केला.