अण्णांचं आजारपण

दुसऱ्या वर्षाला मी गणितात आणि भौतिकशास्त्रात नापास झाले, त्याचं खरं कारण आळस. कॉलेजच्या वेळेत मैत्रिणीच्या खोलीवर लोळत मोबाइलवर मालिका बघायच्या, दुसरं काही नाही. पण पुण्याच्या एमएस्सीच्या अर्जात 'गुण कमी असल्यास कारण लिहा' असं होतं. आळस काय लिहायचा, कपाळ! मी लिहिलं, वडिलांना हार्ट अटॅक आला होता.

अर्जासोबत बीडच्या कॉलेजातल्या आमच्या सरांचं शिफारसपत्र लागणार होतं, म्हणून लिहिलेला अर्ज त्यांना वाचायला पाठवला. इथेच माती खाल्ली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे माणुसकी सोडणं, मग दुखणं दोन वर्षांपूर्वीचं का असेना. रविवारी सर मोटारसायकलवरून तेलगावच्या पुढे आमच्या घरी हजर, हातात सफरचंदांची पिशवी.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन वावरातून येत होते.

"अहो, एवढं वजन कावून उचलता? अटॅक येऊन गेलेला माणूस तुमी!" सर ओरडलेच.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. माझं तोंड उतरलेलं. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं आणि छातीवर हात ठेवला. "आता लई बरं हाय, सर. बसा."

चहा झाला. सर मला म्हणाले, "बाई, घरात एवढं चाललं होतं आन् मी तुला भर वर्गात घालून पाडून बोललो. मनावर घेऊ नको." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगितलं असतं तर शिफारस गेली असती आणि पुणंही. मी त्यांच्याच पिशवीतलं सफरचंद चिरून त्यांच्यापुढे ठेवलं.

सर गेल्यावर अण्णांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "आळस केलता, तर तसं लिवायचं. माझं दुखनं कावून?" चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दिल्या नाहीत.

प्रवेश मिळाला. सरांनी अभिनंदनाचा फोन अण्णांनाच केला. अण्णा अंगणात शेजाऱ्यांशी मोठमोठ्यानं हसत होते. सरांचं नाव दिसताच त्यांनी सगळ्यांना हातानं गप्प केलं. पेढ्यांचा पुडा धरून मी शेजारीच उभी होते. अण्णांनी आवाज बारीक केला आणि म्हणाले, "व्हय सर, गोळ्या चालू हायेत."