मोहाच्या झाडाखाली बसलेली आई

मला डोंगराची भीती वाटते. उंचीची, वळणांची, कठड्यापलीकडे काहीच नसण्याची. जनावरांची तर वाटतेच. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावर पोटभर थट्टाही होऊन गेली आहे, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. रायपूरसारख्या सपाट गावात जन्म गेला, तो मला मानवला. इथे उंच म्हणजे उड्डाणपूल, आणि जंगली म्हणजे गुढियारीच्या बाजारात ट्रकांच्या मधोमध बसकण मारून रस्ता अडवणारे सांड. एवढं मला पुरतं.

आई नेमकी उलटी. ती भंडाऱ्याकडची, जंगलाला लागून असलेल्या खेड्यातली. लग्न होऊन वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीमागे रायपूरला आली आणि तिथल्या ब्राह्मणपाऱ्यात रुळलीही, पण मरायच्या आधी एकदा डोंगर अन् जनावरं पाहायची आहेत हे तिचं पालुपद काही सुटलं नाही. वडील गेल्यावर तर ते रोजचंच झालं. शेवटी पुण्यातल्या भावानं तिच्यासाठी एका दिवसाची खासगी सफर ठरवून टाकली. गाडी, गाईड, मैकलचे डोंगर, जंगलातली जनावरं, आणि सोबत मी. मला विचारायचं त्याला सुचलं नाही. गाडी आणि गाईडसारखी मीही त्या पॅकेजातच होते.

मी नाही म्हणून पाहिलं. आई म्हणाली, नसंल यायचं तं राहू दे, जाईन मी एकटी. मी सुट्टीचा अर्ज टाकला.

होळी होऊन गेली होती. पहाटे गाडी आधी समता कॉलनीत मला घ्यायला आली आणि मग ब्राह्मणपाऱ्यात आईला. गल्लीत गाडी शिरत नाही म्हणून आई चौकात येऊन उभी होती. पायात बूट, नऊवारी सोडून नेसलेली सुटसुटीत सुती साडी, आणि हातात माझ्या अख्ख्या खानदानाला पुरेल एवढा डबा. गाडी ज्याची तोच चालक आणि तोच गाईड. पन्नाशीचा, गोल पोटाचा, भारी बोलका माणूस. आईला तो अम्मा म्हणायचा, मला दीदी. वाटेतलं कवर्धा येईपर्यंत त्याच्या तोंडाला विसावा नव्हता. वाघ, बिबट्या, रानकुत्रे, सगळे त्यानं पाहिलेले, आणि सगळे कालच, इथेच उभे होते. आमच्या नशिबात नेहमी कालचाच दिवस येतो, असं मी आईला म्हटलं तर ती हसली आणि खिडकीबाहेर पाहायला लागली.

मग तो अस्वलांवर आला. सध्या मोह गळतोय, म्हणाला, आणि मोहफुलं म्हटली की भालू वेडा होतो. तो हे मजेत सांगत होता, पण मला माझी नोकरी आठवली. मी एका इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर बसते. मोहाच्या दिवसांत दूरदूरच्या गावांतून फुलं वेचायला गेलेली माणसं आमच्याकडे आणतात. चेहऱ्यावर गमछा बांधलेला असतो आणि तो लाल झालेला असतो. सोबतचा माणूस नाव सांगतो, वय सांगतो, गाव सांगतो, मी लिहून घेते आणि गमछ्याकडे पाहत नाही. वाघ मी कधी स्वप्नातही पाहिला नाही. अस्वल मात्र दर वर्षी माझ्या खिडकीशी येतं.

अभयारण्यातली सकाळ मी कशीबशी काढली. चितळ दिसले, लंगूर दिसले, एक शेकरू या झाडावरून त्या झाडावर गेलं तेव्हा आईनं लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. पुढे वाटेवरच एक गवा उभा होता. काळाभोर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा, आणि आमच्या गाडीपेक्षा जड असावा. गाईडनं इंजिन बंद केलं. गवा आमच्याकडे बघत होता आणि मी गाडीच्या दाराचं हँडल घट्ट धरून बसले होते. दार उघडायचं होतं की लावून धरायचं होतं, ते माझं मलाच माहीत नाही. तो निघून गेल्यावर आई म्हणाली, किती शांत डोळे होते नाही? मला तर डोळे दिसलेच नव्हते. मी शिंगांच्या पुढे गेलेच नाही.

तिथून आम्ही चिल्फीचा घाट चढलो. एसीत आईला मळमळतं, म्हणून खिडक्या उघड्या. वारा आला की तिच्या कानातलं मशीन शिट्टी मारतं. तिनं ते काढून रुमालात गुंडाळलं आणि पर्समध्ये टाकलं. मशीन काढलं की आईला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. कुकरची शिट्टीसुद्धा नाही. मी हातानंच तिला ते परत घाल म्हणून खुणावलं. तिनंही हातानंच मला, थांब गं, असं केलं. गाडी वळणं घेत होती आणि मी डोळे मिटून घेतले, त्यामुळे तो विषय तिथेच राहिला.

वर एका सपाट जागी गाडी थांबली. जंगलाचं गेट कधीच मागे पडलं होतं, त्यामुळे इथे उतरायला कोणाची मनाई नव्हती. एका बाजूला दरी, तिच्यापलीकडे एकामागे एक निळसर डोंगर. दुसऱ्या बाजूला हलका उतार आणि उतारावर मोहाचं मोठं झाड. झाडाखालचा पाला गावातल्या बायकांनी जाळून टाकला होता. फुलं पडली की दिसावीत म्हणून तसं करतात. काळ्या राखेवर पिवळट पांढरी फुलं पसरली होती आणि त्यांचा गोड, जरा आंबूस वास आमच्यापर्यंत येत होता. आईनं तो वास छातीभर ओढून घेतला. तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं.

तिला दोन ओंजळी फुलं हवी होती. गाईड म्हणाला, इथे प्रत्येक झाड कोणाचं ना कोणाचं असतं, दुसऱ्याच्या झाडाखालचं कोणी उचलत नाही. हातवारे करून मी ते आईला सांगितलं. तिनं तर्जनी आणि अंगठ्यात चिमूटभर अंतर दाखवलं. एवढंसं. आणि निघालीसुद्धा. मी मागून हाक मारली, पण हाक कोणाला मारत होते? डबा काढून, चादर अंथरून तिला आणायला जावं, असं म्हणून मी गाडीच्या मागे गेले. चादर काढली, भाकरीचं गाठोडं काढलं, ठेच्याची डबी सांडली होती ती पुसली.

मान वर केली तेव्हा आई झाडाखाली बसलेली होती. माझ्याकडे पाठ, पदर ओच्यासारखा खोचलेला. आणि तिच्या समोर, झाडाच्या त्या अंगाला, अस्वल होतं.

मला आधी ते जळालेलं खोडच वाटलं. मग खोड हललं.

मी ओरडणारच होते. गाईडनं माझं मनगट धरलं. त्याचा हात ओला होता. "दीदी, हिलना मत," तो कसाबसा म्हणाला. "आवाज मत करना." मी म्हटलं, हॉर्न वाजवा. त्यानं मान हलवली. हॉर्ननं ते भडकेल, मग कुठल्या बाजूला पळेल सांगता येत नाही, आणि मध्ये अम्मा आहे.

ते फुलं खात होतं. तोंड खाली घालून आधी फुंकर मारायचं, राख उडवायचं, मग जोरानं ओढून घ्यायचं. फूं, आणि मग ओढल्याचा तो घाणेरडा आवाज. आमच्यापर्यंत येत होता. सगळ्या घाटात त्या आवाजाशिवाय काही नव्हतं आणि एकट्या माझ्या आईला तो ऐकू येत नव्हता. ती मान खाली घालून राखेत पाहत होती. तिला माहीतच नाही, असं मला वाटलं. आत्ता ती एक फूल उचलायला हात पुढे करेल, गुडघ्यावर हात ठेवून उठेल, उठताना नेहमीसारखी "आई गं" म्हणेल आणि संपलं.

मला गमछा दिसत होता. माझ्या खिडकीसमोरचा, लाल झालेला. आणि मी खिडकीच्या त्या बाजूला उभी आहे आणि आईचं नाव सांगते आहे, वय सांगते आहे, गाव सांगते आहे. देव आठवायला हवा होता. मला फक्त तिचा चेहरा आठवत होता, आणि तो नीट आठवत नव्हता. तीळ डाव्या गालावर की उजव्या, तेवढंसुद्धा. पाठमोऱ्या बाईचा पांढरा अंबाडा तेवढा समोर होता आणि मी त्याला मनातल्या मनात विनवत होते की आई, हलू नको. आई, माझे आई, हलू नको.

अस्वल फुलं खात खात जवळ आलं. एकदा ते थांबलं, मागच्या पायांवर उभं राहिलं आणि नाक वर करून हुंगायला लागलं. छातीवरचा पांढरट पट्टा दिसला. लांब नखं दिसली. गाईड काहीतरी पुटपुटत होता, मंत्र असेल नाहीतर बायकोचं नाव. मी गाडीच्या पत्र्याला धरून उभी राहिले. आई हलली नाही.

ते परत चार पायांवर आलं. थोडा वेळ फुंकत राहिलं. मग कोणीतरी बोलावल्यासारखं वळलं आणि उतारावरून झुडपांत गेलं. झुडपं हलत गेली, आणखी खाली हलली, आणि मग थांबली.

आई लगेच उठली नाही. बऱ्याच वेळानं तिनं एक हात जमिनीला टेकवला, हळूहळू उभी राहिली आणि पाय न उचलता, जमीन चाचपत मागे मागे आली. अंगणाएवढं अंतर, पण मला ते संपता संपत नव्हतं. ती हाताशी आली तेव्हा गाईडनं तिला अक्षरशः उचलून गाडीत टाकलं, मला ढकललं आणि गाडी सोडली. चादर, भाकरी, डबा, सगळं तिथेच राहिलं. तिच्या ओच्यात एकही फूल नव्हतं.

दोन वळणं खाली आल्यावर आईनं पर्समधून रुमाल काढला आणि मशीन कानात घातलं. मी त्याचीच वाट पाहत होते. मग मी सुटले. ऐकू येत नाही तर ते मशीन काहून काढलं, लोकाच्या झाडाखाली जायचं काय अडलं होतं, त्या फुलांविना कोणाचं काय अडणार होतं, तुझ्यापुढे ते उभं होतं अन् तुला पत्ता नाही, असं जे तोंडाला येईल ते. मी आईवर एवढी कधी ओरडले नव्हते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"दिसलं होतं मले," ती म्हणाली. "तुह्या आधी दिसलं."

मग तिनं सांगितलं. तिच्या माहेरी मोह वेचायला जाणाऱ्या बायकांना लहानपणीच शिकवत. ते आलं तर उठायचं नाही, पळायचं नाही. ओच्यातली फुलं हळूच खाली सोडायची, नजर जमिनीवर ठेवायची आणि ते जाईपर्यंत बसून राहायचं. झाड त्याचंही आहे, खाऊ द्यायचं. तिनं तसंच केलं होतं.

मला रडायला येत होतं, पण राग अजून ओसरला नव्हता. "मंग एकदा मागं तं पाहाचं. एक इशारा तं कराचा. मी इकडं मरून राहिली होती."

"तुह्याकडं पाहिलं असतं तं तू धावत आली असती."

मी म्हटलं, आले नाही ना मी. गाईडनं सांगितलं तशी उभी होते, जागची हलले नाही.

"ते मले कसं समजन?" आई म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "कानात काहीच नव्हतं. तू मांगून येऊन राहिली का नाही, ते ऐकूच येत नव्हतं मले. त्याचं काय, ते खाते अन् जाते. मले तुयं भेव वाटून राहिलं होतं. तेवढा वेळ एकच म्हणत होती मनात, नको येऊ, बाई, नको येऊ."

वडील गेले तेव्हासुद्धा भेव हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नव्हता. मी तिचा हात हातात घेतला. त्याला अजून राख लागलेली होती. पुढे गाईडनं समोरचा आरसा हळूच वर फिरवून ठेवला, आणि घाट उतरेपर्यंत आम्ही दोघी रडत राहिलो.