एका पलंगाच्या दोन पाळ्या

कपड्यांच्या दुकानात तिला सगळे टाचणी म्हणत. पँटी आखूड करताना तिच्या ओठांत कायम चार टाचण्या असत, त्यामुळे बोलणं कमी आणि कुढणं मनातल्या मनात. या शहरात समुद्र फुकट आहे, पण तो जवळ असल्याचे पैसे सगळेच उकळतात. भाजीवाला घेतो, केस कापणारी घेते, घरमालकांचं तर विचारूच नका. एकट्या माणसाला कुणी सूट देत नाही. उलट, एकटं राहण्याची चैन केल्याचा दंड बसतो.

टाचणीला भाडं झेपेना. खोली सोडायची तर गावाला वहिनीच्या हाताखाली उरलेला जन्म काढायचा. त्यापेक्षा तिने रात्रपाळीच्या एका नर्सला गुपचूप अर्ध्या भाड्याची भागीदार करून घेतलं. पलंग एकच, रात्री त्यावर टाचणी झोपे, दिवसा नर्स. मालकीणबाईंची अट होती की खोलीत एकच बाई राहील, आणि एका वेळी खरोखरच एकच असे. इतका इमानदार भाडेकरू शोधून सापडायचा नाही.

मालकीणबाई तळमजल्यावर दाराशी खुर्ची टाकून बसत. डोळ्यांत मोतीबिंदू, पण चौकशा जगाच्या. म्हणून दोघींनी शक्कल लढवली. डोक्यावरून सारखीच राखाडी शाल घ्यायची, जाताना पुढचं दार, येताना मागचा जिना. वर्षभर सगळं बिनबोभाट चाललं, आणि टाचणीला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटू लागलं.

एका सकाळी मालकीणबाईंनी हाक मारली, "थांब गं जरा."

टाचणीने शाल कपाळावर आणखी पुढे ओढली.

"वर्षभर बघतेय. सकाळी कामाला जातेस, संध्याकाळी पुन्हा कामाला जातेस. किती राबशील?"

"चालायचंच, मावशी," टाचणी कशीबशी म्हणाली.

"दोन-दोन पगार घेतेस, आणि मी वेडी एकाच पगाराचं भाडं घेत बसले. पुढच्या महिन्यापासून दुप्पट दे."

खरं सांगावं तर खोली जाणार, गप्प बसावं तर भाडं पुन्हा पहिल्यासारखंच डोक्यावर. टाचणीला रडू फुटायचं बाकी होतं.

"देते," ती म्हणाली.

"आणि जिवाला जप. रात्रीची थोडी झोपत जा."

दुपारी टाचणी दुकानाशेजारच्या बेकरीत गेली. मध्यरात्री भट्टी पेटवणारी बाई संध्याकाळची कुठे झोपते, हे तिला विचारायचं होतं.