कपाळावरची पट्टी

"पोरगी न्या. पोरगा न्हाई देनार," आई म्हणाली आणि दारात आडवी बसली. हडपसरच्या आमच्या खोलीत शकू आणि बाळू, माझी दोन्ही धाकटी भावंडं, घटसर्पानं घशात घरघरत होती. सिस्टर मोनिका शकूला चादरीत गुंडाळून उभ्या होत्या.

"बाई, दोघांनाही आजच दवाखान्यात न्यायला हवं."

"दोगं दिली तर दोगं बी बाटवाल. एक जाऊन येऊ द्या, मग बघू."

वडील लॉरीवर सोलापूरकडे गेलेले. नगरकडचं गाव सोडून आम्हाला वर्षही झालं नव्हतं. निघताना आजीनं बजावलं होतं, "शहरात फुकट कुनी काय देत न्हाई. देत आसंल तर हात मागं घ्यायचा." सिस्टर मिशनच्या शाळेत फुकट शिकवायच्या. म्हणजे संशय आलाच. मी त्यांच्याच वर्गात, चौथीत.

आई मला म्हणाली, "तू संगं जा. कपाळाला पानी लावलं तर बोंब मार." कपाळाला पाणी लावलं की माणूस ख्रिस्ती होतो, एवढंच आम्हाला ठाऊक.

दवाखान्यात शकूचा ताप चढला. सिस्टरनी ओली पट्टी उचलली तसा मी त्यांचा हात धरला. वाटलं, आता थोबाडीत बसणार. त्यांनी पट्टी माझ्याकडे दिली.

"तूच ठेव. पाणी कुठल्या नळाचं, तेही बघून ये. आणि मी काही पुटपुटते का, लक्ष ठेव."

मी नळ बघून आले. पट्टी मीच ठेवली. सिस्टर तोंड मिटून बसल्या. प्रार्थना केली ती व्हरांड्यात जाऊन. तिथं त्यांनी काय मागितलं, मला आजही माहीत नाही.

वर्गातही त्यांची हीच तऱ्हा. फळ्यावरचं गणित मुद्दाम चुकवायच्या आणि कुणी बोललं नाही की चिडायच्या. "मी लिहिलं म्हणून खरं मानलंत? गाढवं!" पुढे मी रेशनचे गहू, डॉक्टरच्या गोळ्या, बिल्डरचे कागद, सगळं तपासून घेतलं. सून म्हणते, "आई, तुम्ही म्हणजे सोसायटीचा सीसीटीव्ही." असू दे. पण संशय आला तर जाऊन बघावं, कडी लावून बसू नये. माझ्या आईला हे कुणी शिकवलं नव्हतं.

शकूला नेल्याच्या दुसऱ्या दिवशी सिस्टर बाळूसाठी पुन्हा खोलीवर गेल्या. आईनं कडी काढली नाही. त्यानंतर वडील परतले आणि त्याला उचलून धावत दवाखान्यात आले. तेव्हा उशीर झाला होता.

तुम्ही गावात राहिलेले नातलग मला विचारता, तुझं घर आता कुठलं. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहते. शकू विश्रांतवाडीला असते, दर चतुर्थीला उपास करते, बाटली नाही. गावातलं घर मी घर मानत नाही आणि हडपसरची खोलीही नाही. आजारी पोराला बाहेर नेताना ज्या दारात कुणी आडवं बसत नाही, ते माझं घर.

त्या खोलीतली तीनपैकी दोन पोरं जगली. शकू आणि मी.