इस्तवात मेलेला चुंबक

सुई नाई! आत्ता तं गोधडीत टोचून उठली होती मी, दूध उतू जात होतं म्हणून. परत येतो तं सुई नाई, आन् लेकरू त्याच जागी पालथं पडून तोंड हलवून राहिलं. सात महिन्याचं. बोट घातलं तोंडात, घशापर्यंत घातलं. रडलं नुसतं. गोधडी झटकली, हातानं चाचपली. नाई. गेली का मंग पोटात?

घरात मी एकटी. हे रामटेककडच्या खाणीवर, पंधरा दिवसाले येत. सीताबर्डीच्या त्या खोलीत दोन महिने झाले, पण कोणी "काहून रडते वं तुहं पोट्टं" म्हणूनही इचारलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारा सोनार बसे. त्याच्यापाशी काळा दगड होता, चुंबक. कानशीच्या चुऱ्यातलं लोखंड त्याले चिकटे, सोनं खाली राहे. लेकराले कडेवर घेतलं, धावली.

"काका, चुंबक द्या. सुई हरवली."

"एका सुईसाठी एवढी धाप? नवी घे ना वं पोरी!"

लेकराचं सांगाले जीभच उचलली नाई. त्यानं दिला. घरी आली तं दाराच्या कडीले तो दगड खटकन चिकटला, ओढून काढावा लागला. पण आमच्या घरची रीत, बाहेरची वस्तू लेकराच्या अंथरुणाले लावाच्या आधी चुलीतल्या इस्तवातून काढाची. चुलीत टाकला. तेवढ्यात लेकरू किंचाळलं, त्याले घेतलं, थोपटलं, पाहतो तं दगड लाल! पाण्यात टाकला. तडकन दोन तुकडे.

दोन्ही फिरवले गोधडीवर, काई नाई. लेकराच्या पोटावर फिरवले, तिथंही नाई. गोधडीत नाई म्हणजे पोटातच, खोल.

रडत सोनाराकडे गेली. त्यानं तुकडे लोखंडाच्या चुऱ्यात बुडवले. एक कण चिकटला नाई.

"तापवला का वं?"

"हो."

तो हसला. "अवं माय! तुटला असता तं दोनाचे दोन चुंबक झाले असते. भाजला की मेला तो."

मंग मी लेकराचं सांगतलं. तो हसाचा थांबला. डब्यातून दुसरा दगड काढला. "माहे पाय चालत नाई, नाईतं आलो असतो. पळ. आन् आगीजवळ नको नेजो."

गोधडीच्या काठाशी दगड नेला तं कापड आपोआप वर उठलं. शिवण उसवली. आतल्या जुन्या लुगड्याच्या थरात सुई आडवी होती, अख्खी. लेकराले छातीशी धरून मी किती वेळ बसली, मालूम नाई. सांगाले कोणी नव्हतं.

हे आले. "सगळं बरं हाये न?"

"बरं हाये," म्हटलं मी. खरं सांगतलं असतं तं लेकराले सासूपाशी नेऊन ठेवलं असतं, आन् त्या खोलीत मले दुसरं होतं कोण?

तुम्ही असते तं सांगतलं असतं काय?