पावसाळ्याची खोली

मंगलाताई गेल्याचं आम्हाला चंद्रपूरला कळलं, तेव्हा तिचं सगळं उरकलं होतं. भामरागडकडचा रस्ता पाण्याखाली होता. पूर ओसरल्यावर गावातलं कोणीतरी गडचिरोलीच्या बसस्टँडवर पोचलं, तिथून त्यानं आईला फोन केला. आई हातातलं भांडं तसंच धरून ऐकत राहिली...

मंगलाताई माझ्या मामाची मुलगी, माझ्याहून थोडी मोठी. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. दुखणं उठलं की हाडं आतून कोणी पिळतंय असं वाटतं, म्हणायची. मग दवाखाना, सलाईन, कधी रक्त. म्हणून उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे पैसे आले की मामी त्यातून आधी भाडं बाजूला काढायची. नदी चढायच्या आत मायलेकी गडचिरोलीला जायच्या, दवाखान्याजवळ खोली घेऊन राहायच्या. घरात तिला पावसाळ्याची खोलीच म्हणत. मी तिथं जाऊन बसायची. मला फारसं बोलता येत नाही. ताईला ते चालायचं. "तू गप बसते ते बरं हाय," ती म्हणायची. "बाकीचे मले कसं वाटते तेवढंच इचारते." पण त्या खोलीला एकच खिडकी होती, आणि समोर भिंत.

यंदा खोली न घेता त्या पैशांत मामानं ताईला महागडा फोन घेतला. आता डॉक्टर व्हिडिओवर तपासतात, असं दुकानदारानं सांगितलं होतं. फोन घरी आला तेव्हा मी मामाकडेच होते.

"डॉक्टरच घरी आणला समज," मामा म्हणाला.

"तुमचा हा डॉक्टर सलाईन लावते का?" मामी चुलीकडे पाहतच म्हणाली.

"माय, मले अजून एक पावसाळा भिंत पाहाले नको नेऊ," ताई म्हणाली. "इथी नदी तं दिसते."

मामीनं चुलीत लाकूड सारलं.

फोन सुरुवातीला खरंच कामी आला. ताईनं डॉक्टरांना दाखवून गोळ्या बदलून घेतल्या. मला चढत्या नदीचे व्हिडिओ पाठवले. मग पाऊस लागून राहिला, वीज गेली, मागोमाग टॉवर बंद पडला, आणि दुखणं तेव्हाच उठलं. ताईनं खोलून दिलेला फोन घेऊन मामा टेकडीवर गेला, हात उंच करून उभा राहिला... नेटवर्क नव्हतं. ताईला पलीकडे न्यायला डोंगा काढावा म्हणून नदीच्या काठावर गेला. जन्म त्या नदीत मासे धरण्यात गेलेला माणूस, पाण्याची ओढ पाहून परत फिरला. घरी आला तेव्हा ताईला शुद्ध नव्हती. ती पुन्हा आलीच नाही.

रस्ता सुरू झाल्यावर आम्ही गेलो. मामी मामाशी बोलत नव्हती. ताट वाढून पुढं सरकवायची, तेवढंच. मामानं मला बाजूला नेऊन फोन दिला. "तू इंग्रजी शाळेत शिकली, तुले येत असन. खोलून दे. तिचा आवाज हाय त्यात."

फोन तिच्या बोटानं उघडायचा. नाहीतर लॉकचा नंबर टाकायचा, तो तिनं कोणाला सांगितला नव्हता. मी तिची जन्मतारीख टाकली, मग मामीची. दोन्ही चुकल्या, आणखी काही टाकून पाहिल्यावर तर लॉक कुठलाच नंबर घेईना. मी तो मामाच्या हातात परत ठेवला.

वीज असली की मामा अजून तो रोज चार्जिंगला लावतो. मामी आईला सांगत होती, कधीकधी अंगणात बसून स्वतःचं एकेक बोट त्यावर टेकवून पाहतो.